सॉफ्टवुडचा एचएस कोड कसा ठरवायचा? कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतले फाउंड्रीवाले, पॅकिंगची खोकी करणारे आणि लाकडाच्या वखारी चालवणारे लोक आयात-निर्यातीच्या कागदांबद्दल जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एचएस कोड म्हणजे आयात-निर्यातीच्या मालाचा वर्ग दाखवणारा, जगभर वापरला जाणारा क्रमांक. शुल्काचे दर इथे दिलेले नाहीत. ते अधिसूचनेने बदलतात, म्हणून बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडे द्यायचा आयातीचा कागद) भरण्याच्या दिवशी पाहावेत. वर्गीकरणाचे नियम मात्र सावकाश बदलतात. सध्याची रचना १ जानेवारी २०२२ पासूनची आहे आणि पुढची १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे.

१. सॉफ्टवुड म्हणजे हाताला मऊ लागणारे लाकूड का?

नाही. कस्टम्सच्या दृष्टीने सॉफ्टवुड म्हणजे सूचिपर्णी झाडाचे लाकूड. पाइन, स्प्रूस, फर, लार्च, हेमलॉक, देवदार ही सगळी त्यात येतात. सावर नखाने ओरखडता येते, बाल्सा तर त्याहून हलके. पण दोन्ही रुंदपर्णी झाडे, म्हणून ती सॉफ्टवुड नाहीत. उलट यू हे झाड सूचिपर्णी असून त्याचे लाकूड चांगलेच कठीण असते.

वखारीत करून पाहण्यासारखी तपासणी सोपी आहे. फळीचे टोक धारदार पात्याने स्वच्छ तासा आणि दहापट भिंगातून पाहा. आंबा, सावर, निलगिरीच्या टोकाला बारीक छिद्रे दिसतात. सूचिपर्णी लाकडात अशी छिद्रे नसतात, बारीक एकसारखी जाळी दिसते. पाइनमध्ये अधूनमधून राळेच्या नलिका ठिपक्यांसारख्या दिसतात. त्या पाहून छिद्रे समजू नका.

२. परदेशी विक्रेत्याने इनव्हॉइसवर दहा अंकी कोड दिला आहे. तोच भरायचा का?

पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले. भारतात आठ अंक लागतात. त्यामुळे विक्रेत्याच्या कोडचे पहिले सहा अंक फक्त धागा म्हणून घ्या आणि तेही माल पाहून पडताळा. शेवटचे दोन अंक भारतीय टॅरिफमधूनच घ्यायचे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे स्वयंनिर्धारण आयातदाराने करायचे असते, त्यामुळे ‘विक्रेत्यानेच लिहिले होते’ हे उत्तर चालत नाही.

जुन्या फायलीत ४४०७ १० दिसला तर तो उचलू नका. २०१७ मध्ये तो फुटून पाइन वेगळे झाले, स्प्रूस-फर वेगळे झाले. २०२२ मध्ये त्यात आणखी दोन कोडांची भर पडली (प्रश्न ६).

३. ओंडका, चिरीव फळी, रंधलेली फळी, खोबण मारलेली फळी: कोणते कुठे जाते?

लाकडावर किती काम झाले आहे, त्यावर हेडिंग, म्हणजे कोडचे पहिले चार अंक, बदलते. साल काढलेला किंवा न काढलेला ओंडका ४४०३ मध्ये जातो. कुऱ्हाडीने किंवा ओबडधोबड करवतीने चार बाजू सपाट केलेला, पण कडेला गोलाई किंवा सालीच्या खुणा राहिलेला चौकोनी ओंडकाही तिथेच जातो. लांबीच्या दिशेने नीट चिरलेले ६ मिमीपेक्षा जाड लाकूड ४४०७ मध्ये येते. कडेला, टोकाला किंवा पृष्ठावर सलग आकार दिलेले, म्हणजे टंग-ग्रूव्ह, मोल्डिंग किंवा गोलाकार बिडिंग, ४४०९ मध्ये जाते. दारे-खिडक्या आणि इमारतीचे तयार सुतारकाम ४४१८ मध्ये, तर खोकी, क्रेट, केबल ड्रम आणि पॅलेट ४४१५ मध्ये येतात. रेल्वे स्लीपर ४४०६.

लाकूड ओले की भट्टीत सुकवलेले, पहिल्या प्रतीचे की गाठीगाठींचे, यावर हेडिंग बदलत नाही. ‘केडी’ (भट्टीत सुकवलेले) हा शिक्का किमतीसाठी महत्त्वाचा आहे, कोडसाठी नाही.

४. नेमकी ६ मिमी जाडीची रीप ४४०७ की ४४०८?

४४०८. चव्वेचाळीस-शून्य-सातची अट ‘६ मिमीपेक्षा जास्त’ अशी आहे, म्हणून बरोबर ६.० मिमी त्यात बसत नाही. जाडी व्हर्नियरने किमान दहा नगांवर मोजा. ओल्या लाकडाची जाडी सुकताना कमी होते, म्हणून सीमेवरच्या मापाचा माल मागवताना करारातच जाडी आणि ती कोणत्या ओलाव्याला मोजायची हे लिहून घ्या.

५. ‘देवदारी खोकी’ म्हणून सगळे ओळखतात. इनव्हॉइसवर देवदार लिहिले तर काय बिघडते?

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हे उत्तर लांब आहे. मराठीत पाइन, स्प्रूस, फर अशा कुठल्याही फिकट पॅकिंगच्या लाकडाला सर्रास देवदारी म्हणतात. खरा देवदार म्हणजे हिमालयातला सिड्रस देवदारा. तो पायनसही नाही, स्प्रूसही नाही. तो चिरलेला असेल तर ४४०७ १९ मध्ये, इतर सूचिपर्णींत जातो. न्यूझीलंडहून येणारे रेडिआटा पाइन मात्र ४४०७ ११ मध्ये जाते. एकाच बोलीनावामुळे सहा अंकांतच फरक पडतो, आणि फायटोसॅनिटरी (कीड-रोग नसल्याच्या) प्रमाणपत्रावर ‘पायनस रेडिआटा’ व इनव्हॉइसवर ‘देवदार’ असेल तर बंदरावर प्रश्न येणारच.

व्यापारी नावे इंग्रजीतही तेवढीच फसवी आहेत. डग्लस फर हे खरे फर नव्हे, त्याची प्रजाती (जीनस) स्यूडोत्सुगा. म्हणून ४४०७ १२ नाही, ४४०७ १९. त्यालाच ओरेगन पाइनही म्हणतात, तरी ते पाइन नाही. पराना पाइन अरॉकेरिया आहे, कौरी पाइन अगाथिस आहे. दोन्ही सूचिपर्णी, पण ४४०७ १९. युरोपातले ‘रेडवुड’ म्हणजे पायनस सिल्व्हेस्ट्रिस, ४४०७ ११. कॅलिफोर्नियातले रेडवुड म्हणजे सिकोया, ४४०७ १९. युरोपातले ‘व्हाइटवुड’ बहुधा स्प्रूस असते, पण अमेरिकेत त्याच नावाने ट्यूलिपवुड विकतात आणि ते रुंदपर्णी आहे. वेस्टर्न रेड सीडर म्हणजे थुजा, ४४०७ १९. स्पॅनिश सीडर तर सूचिपर्णीच नाही.

उपाय एकच: खरेदी आदेश, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि फायटो प्रमाणपत्र या चारही कागदांवर वनस्पतिशास्त्रीय नाव एकसारखे घ्या. व्यापारी नाव शेजारी लिहायला हरकत नाही. शंका राहिली तर बेंगळुरूची काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्था किंवा देहरादूनची वन संशोधन संस्था नमुन्यावरून लाकडाची ओळख पटवून देते. सूक्ष्मदर्शकाखाली प्रजाती ओळखता येते. एकाच प्रजातीतली जात मात्र नेहमीच सांगता येत नाही. सुदैवाने ४४०७ ११ आणि १२ साठी प्रजाती पुरते.

६. एसपीएफ नावाचा कोड कधी लावायचा?

४४०७ १३, म्हणजे स्प्रूस-पाइन-फर, आणि ४४०७ १४, म्हणजे हेम-फर (हेमलॉक आणि फर), हे २०२२ मध्ये आले. उत्तर अमेरिकेत मिश्र जंगलातले लाकूड जातवार न निवडता एकत्र चिरतात, त्यासाठी ते आहेत. अट प्रकरणाच्या उपशीर्षक टिपेतच आहे: लाकूड मिश्र जंगलातले असावे आणि प्रत्येक जातीचे प्रमाण बदलते व अज्ञात असावे.

‘अज्ञात’ हा शब्द इथे निर्णायक आहे. पॅकिंग लिस्टमध्ये ‘बंडल १ ते १२ स्प्रूस, १३ ते २० पाइन’ असे लिहिले असेल तर तो एसपीएफ नाही. दोन वेगळ्या ओळी करा. नुसते स्प्रूस आणि फर मिसळलेले असेल तर ४४०७ १२ मध्येच दोन्ही बसतात. वखारीत वेगवेगळ्या ठिकाणचा माल एकत्र रचून त्याला एसपीएफ म्हणणे चुकीचे आहे.

७. रंधा मारला, कडा थोड्या गोल केल्या, फिंगर जॉइंट केला. आता ४४०९ होते का?

बहुतेक वेळा नाही. रंधलेले, पॉलिश पेपर मारलेले आणि टोकाला टोक जोडलेले (फिंगर जॉइंट) लाकूड ४४०७ मध्येच राहते. रंधताना दोन बाजूंमधला कोन किंचित गोलसर झाला तरीही ते तिथेच. कडेचा आकार हाच हेतू असेल, म्हणजे ठरावीक त्रिज्येची पूर्ण गोलाई, व्ही-खाच किंवा जीभ-खोबण असेल, तर ४४०९ १०. पार्केची, म्हणजे लाकडी फरशीची, साधी, सलग आकार न दिलेली पट्टी ४४०७ मध्ये. त्याच पट्टीला टंग-ग्रूव्ह केले की ४४०९.

फळ्या कडेला कड चिकटवून केलेला रुंद पॅनल वेगळा विषय आहे. हेडिंगच्या मजकुरात फक्त टोकाच्या जोडणीला परवानगी आहे, कडेच्या नाही, म्हणून तो ४४०७ मध्ये गृहीत धरू नका. अशा मालासाठी प्रश्न १८ मधला आगाऊ निर्णयाचा मार्ग धरा. एकाच दिशेचे थर चिकटवलेले ग्लुलॅम ४४१८ ८१ आणि आडवे-उभे थर चिकटवलेले सीएलटी ४४१८ ८२, हे २०२२ पासून स्पष्ट झाले आहे.

भोके पाडलेली, खाच कापलेली किंवा कूस काढलेली फळी ‘फक्त चिरीव’ राहत नाही. ती कशाचा भाग आहे ते पाहून कोड ठरतो.

८. ओंडक्यांच्या लॉटमध्ये काही बारीक निघाले. १५ सेंमीचा नियम कुठे मोजायचा?

४४०३ मध्ये पाइनसाठी २१ आणि २२, फर-स्प्रूससाठी २३ आणि २४, इतरांसाठी २५ आणि २६ अशा जोड्या आहेत. छेदाचे सर्वांत लहान माप १५ सेंमी किंवा जास्त असेल तर जोडीतला पहिला कोड, नाहीतर दुसरा. ओंडका निमुळता असतो, म्हणून बारीक टोकाकडे मोजा. २०२२ च्या आधीच्या मजकुरात ‘कोणतेही माप’ असे होते, त्यावरून वाद होत. आता ‘सर्वांत लहान माप’ असे स्पष्ट आहे. मिश्र लॉट असेल तर निर्यातदाराकडून दोन गटांचे घनमाप वेगळे मागवा. सरासरी व्यासावर सगळे एका कोडात टाकू नका.

९. औषध मारलेले लाकूड वेगळ्या कोडात जाते का?

ओंडके आणि खांब असतील तर हो. रंग, क्रिओसोट किंवा दीर्घकाळ टिकवणाऱ्या औषधाने भिनवलेले सूचिपर्णी ओंडके ४४०३ ११ मध्ये जातात. केवळ प्रवासात किंवा साठवणीत बुरशी येऊ नये म्हणून केलेली फवारणी आणि मिथिल ब्रोमाइडची धुरी यांमुळे ओंडका ११ मध्ये जात नाही. चिरीव लाकडाला असा वेगळा कप्पा नाही. औषध भिनवलेली पाइनची फळी ४४०७ ११ मध्येच राहते.

१०. पॅलेटच्या फळ्या सुट्या मागवल्या तर ४४१५ की ४४०७?

संच पूर्ण आहे का, यावर ठरते. एका पॅलेटला लागणाऱ्या वरच्या फळ्या, खालच्या फळ्या आणि ठोकळे संख्येने जुळवून संच म्हणून आले, तर खिळे मारलेले नसले तरी ४४१५ २०. खोक्यांचे तसेच संच ४४१५ १०. नुसत्या मापात कापलेल्या फळ्यांचे बंडल आले, ज्यातून पूर्ण वस्तू होत नाही, तर ते चिरीव किंवा रंधलेले लाकूड म्हणूनच, म्हणजे ४४०७. ‘पॅलेट एलिमेंट’ असे वर्णन लिहून कोड बदलत नाही; मोजणी जुळली पाहिजे.

११. कास्टिंग पाइनच्या खोक्यात भरून पाठवतो. शिपिंग बिलात (निर्यातीच्या कागदात) खोक्याचा वेगळा कोड लागतो का?

नाही. नेहमीच्या पद्धतीचे पॅकिंग आत भरलेल्या मालाबरोबरच वर्गीकृत होते. हा एचएसचा अर्थ लावण्याच्या सर्वसाधारण नियमांतला नियम ५(ब). पंपाचे भाग असोत की इंजिनाचे, खोके त्यांच्याच कोडात जाते. अपवाद पुन्हापुन्हा वापरण्यासाठी केलेल्या पॅकिंगचा: लोखंडी कोपरे आणि बिजागऱ्या असलेली, परत येणारी पेटी वेगळी दाखवावी लागते आणि परत आणताना ती तीच पेटी आहे हे सिद्ध करता यावे लागते, म्हणून पेटीवर क्रमांक कोरा.

रिकामी खोकी माल म्हणून विकलीत तर मात्र ४४१५.

१२. कोड बरोबर आहे, तरी पॅकिंगवरून कंटेनर अडतो. का?

कारण कोड आणि वनस्पती संगरोध या दोन स्वतंत्र तपासण्या आहेत. आयएसपीएम १५ हा कीड पसरू नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय नियम पॅकिंगच्या कच्च्या लाकडाला लागतो, आत काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. कंटेनरमध्ये अडकण म्हणून टाकलेले तुकडेही त्यात येतात. पूर्णपणे ६ मिमी किंवा त्याहून पातळ लाकडाचे आणि प्लायवुडसारख्या प्रक्रिया केलेल्या बोर्डाचे पॅकिंग त्यातून वगळलेले आहे.

उष्णता प्रक्रियेत लाकडाच्या गाभ्यासह सर्व भागात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राहावे लागते. कोल्हापुरात गफलत होते ती जड कास्टिंगच्या खोक्यांखालच्या जाड धावपट्ट्यांमध्ये. तापमापकाची सुई पातळ फळीत खुपसली तर भट्टीचा कागद पास होतो, पण १०० मिमीच्या ठोकळ्याचा गाभा थंडच राहतो. सुई नेहमी सर्वांत जाड नगाच्या मध्यात ठेवा. २० सेंमीपेक्षा जाड नगांना मिथिल ब्रोमाइड चालत नाही.

साल काढलेली असावी. राहिलेला तुकडा ३ सेंमीपेक्षा अरुंद असेल तर लांबी कितीही चालते. रुंद असेल तर प्रत्येक तुकडा ५० चौरस सेंमीच्या आत हवा. शिक्क्यात गव्हाच्या ओंबीचे चिन्ह, देशाचा संकेत, उत्पादक क्रमांक आणि प्रक्रियेचा संकेत लागतो. तो समोरासमोरच्या दोन बाजूंवर, वाचता येईल असा हवा. हाताने काढलेला चालत नाही, लाल-केशरी शाई टाळावी. दुरुस्तीत एक फळी बदलली तर नवी फळीही प्रक्रिया केलेली आणि स्वतःचा शिक्का असलेली लागते. एकतृतीयांशापेक्षा जास्त भाग बदलला तर जुने शिक्के पुसून पूर्ण पॅलेटवर पुन्हा प्रक्रिया करावी लागते. एक साधी फळी ठोकल्याने आख्खा कंटेनर परत येऊ शकतो, म्हणून दुरुस्तीचे लाकूड वेगळ्या ढिगात ठेवा.

१३. पाइनचा फाउंड्री पॅटर्न लाकडाच्या प्रकरणात जातो ना?

नाही. साचा पाडण्याचे पॅटर्न ८४८० ३० मध्ये जातात, ते लाकडाचे असोत की अ‍ॅल्युमिनियमचे. यंत्रसामग्रीच्या विभागातल्या वस्तू प्रकरण ४४ मधून वगळलेल्या आहेत. पॅटर्न करण्यासाठी आणलेला पाइनचा चिरीव ठोकळा मात्र ४४०७ ११.

१४. वखारीत घनफूट, करारात एमबीएफ, बिल ऑफ एन्ट्रीत घनमीटर. जुळवायचे कसे?

१ घनमीटर म्हणजे ३५.३१५ घनफूट. एक बोर्ड फूट म्हणजे घनफुटाचा बारावा भाग, म्हणून १००० बोर्ड फूट, म्हणजे एक एमबीएफ, कागदावर २.३६ घनमीटर होते. पण अमेरिकी ‘टू बाय फोर’ खरोखर २ × ४ इंच नसते. रंधल्यावर ते १.५ × ३.५ इंच, म्हणजे ३८ × ८९ मिमी असते. त्याच एमबीएफमध्ये प्रत्यक्ष लाकूड साधारण १.५५ घनमीटर भरते. नाममात्र मापाने घनमीटर भरले तर प्रमाण सुमारे दीडपट फुगते आणि दर घनमीटरचा भाव संशयास्पद कमी दिसतो. मग मूल्यावरून चौकशी सुरू होते.

ओंडक्यांना न्यूझीलंडकडून बहुधा जपानी मानकाची जास मोजणी येते. ६ मीटरच्या आत लांबी असेल तर बारीक टोकाचा व्यास सेंमीमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, मीटरमधल्या लांबीने गुणा आणि १०,००० ने भागा. ३० सेंमी व्यास, ४ मीटर लांबी असेल तर ०.३६ घनमीटर. आपल्याकडची घेराच्या चौथाईची हॉपस पद्धत खऱ्या घनफळाच्या ७८.५ टक्केच दाखवते. कोणती पद्धत वापरली ते पॅकिंग लिस्टवर लिहून घ्या.

१५. ओंडका आणि फळी यांच्या कोडात चूक झाली तर पैशांत किती फरक पडतो?

हिशेबाची रीत समजावी म्हणून समजा मालाचे मूल्य १०,००,००० रुपये आहे. मूळ सीमाशुल्क १० टक्के धरले तर १,००,०००, त्यावर समाजकल्याण अधिभार १० टक्के म्हणजे १०,०००. आयजीएसटी या सगळ्याच्या बेरजेवर, म्हणजे ११,१०,००० वर. मूळ शुल्क ५ टक्के धरले तर शुल्क आणि अधिभार मिळून ५५,०००. आयजीएसटीची वजावट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळू शकते, पण मूळ शुल्क आणि अधिभार हा खर्चच. म्हणजे फरक ५५,००० रुपयांचा.

१६. मूळ देशाच्या प्रमाणपत्रावर वेगळा कोड आहे. व्यापार करारातली शुल्क सवलत मिळेल का?

अडचण येईल. प्रमाणपत्र, इनव्हॉइस आणि बिल ऑफ एन्ट्री यांचे सहा अंक जुळलेच पाहिजेत, म्हणून माल चढण्यापूर्वी मसुदा मागवून तपासा. २१ सप्टेंबर २०२० पासूनच्या नियमांनुसार मूळ देशाची माहिती आयातदाराकडे स्वतःकडेच असावी लागते आणि कागद पाच वर्षे जपावे लागतात. झाड कुठे तोडले आणि कुठे चिरले, हे दोन्ही विचारून ठेवा. एका देशाचे ओंडके दुसऱ्या देशात चिरून येतात.

१७. इथे चिरलेले पाइन परदेशी विकता येते का?

आयात केलेल्या ओंडक्यांपासून केलेले चिरीव लाकूड अटींवर पाठवता येते, पण आयातीचा पुरावा लागतो. भारतातल्या झाडांचे ओंडके आणि चिरीव लाकूड यांच्या निर्यातीवर बंदी आहे. म्हणून आयात लाकूड आणि स्थानिक लाकूड यांचे ढीग, चिराई नोंदवही आणि बिल ऑफ एन्ट्रीचा संदर्भ वेगळा ठेवा. तयार पॅलेटचा प्रश्न वेगळा आहे, तो ४४१५ मध्ये पाहावा.

१८. कस्टम्सचे म्हणणे वेगळे आहे, किंवा आमचीच जुनी चूक लक्षात आली. काय करावे?

माल येण्यापूर्वी शंका असेल तर मुंबईच्या सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करा. शुल्क १०,००० रुपये, निर्णयाची मुदत ३ महिने, आणि कायदा किंवा तथ्ये बदलली नाहीत तर तो कायद्यात ठरलेल्या मुदतीपर्यंत लागू राहतो. अर्जासोबत नमुना, मापांचे रेखाचित्र आणि प्रक्रियेचे वर्णन जोडा. ‘पाइन फळी’ एवढेच लिहिले तर निर्णयही तेवढाच मोघम येतो.

माल बंदरावर असेल तर तात्पुरत्या निर्धारणाची (कलम १८) मागणी करता येते, म्हणजे बंधपत्र देऊन माल सुटतो आणि चाचणीचा अहवाल नंतर येतो. मागची चूक असेल तर स्वतःहून कागदांच्या आधारे कलम १४९ खाली दुरुस्ती मागा. कमी भरलेल्या शुल्काची कस्टम्सने मागणी करण्याची सामान्य मुदत २ वर्षे, माहिती दडवल्याचा आरोप ठरला तर ५ वर्षे. म्हणून गप्प बसणे महागात पडते. आदेश मान्य नसेल तर आयुक्तांकडे (अपील) ६० दिवसांत जावे.

१९. इनव्हॉइसवर वर्णन कसे लिहून घ्यावे?

नमुना असा: ‘रेडिआटा पाइन (पायनस रेडिआटा), चिरीव, चारही बाजू रंधलेली, भट्टीत सुकवलेली, औषध न भिनवलेली, ३८ × ८९ × ३६०० मिमी प्रत्यक्ष माप, नग ४,०००, घनमाप ४८.७० घनमीटर, मूळ देश न्यूझीलंड’. जाडी, आकार, जोडणी, औषध आणि जात, एवढी पाच उत्तरे त्यात असली की अधिकाऱ्याला बंडल फोडायची गरज क्वचित पडते. प्रत्येक लॉटमधला ३०० मिमीचा एक तुकडा बिल ऑफ एन्ट्रीचा क्रमांक लिहून कोरड्या जागी ठेवा. दोन वर्षांनी प्रश्न आला तर तोच तुकडा प्रयोगशाळेत पाठवता येतो.